मागच्या खोलीतला बॉयलर

कोट कुठे अडकवता येईल ते बघावं म्हणून बेरिलनं भिंतीतलं कपाट उघडलं आणि आत कुणीतरी जागं झालं. आधी टिच् असा बारीक आवाज, मग थप्प, आणि मग दम लागलेल्या माणसानं उंबऱ्यावर बसून घ्यावा तसा एक लांब, सावकाश श्वास. आत पांढरी पेटी होती, माणसाच्या छातीएवढी; घर आणि पाणी तापवणारा गॅसचा बॉयलर. तिच्या पोटातून तांब्याच्या पाच नळ्या खाली उतरल्या होत्या, आणि डोक्यातून निघालेली एक जाड नळी कोपरात वळावी तशी वळून भिंतीत शिरली होती. बेरिलचा हात कडीवरच राहिला. ब्याऐंशी वर्षांच्या हाताला एखादी गोष्ट सोडायला तसाही वेळ लागतो. खोलीत मार्चमधलं फिकं ऊन पडलं होतं, एकच उशी असलेली, पलंगपोस घातलेली खाट होती, आणि खिडकीबाहेर टेकडी इतकी जवळ होती की तिच्यावरची मेंढी आत वाकून बघेल. क्षणापूर्वी या खोलीवर तिचा जीव बसला होता. ‘इथे मी मरायला हरकत नाही,’ असं ती मनाशी म्हणालीही होती, अगदी आनंदात. आणि आता तेच वाक्य तोंडात खडा यावा तसं दाताखाली आलं.

“आई, मी सांगणार होते तुला,” मागून गेनॉर म्हणाली.

“कधी? मला खाली पुरल्यावर?”

“आधी टेकडी दाखवणार होते. मग खालचं न्हाणीघर, जिथे तुला टबात चढावं लागणार नाही. मग चहा. मग सांगणार होते.”

बेरिलची ही एकुलती एक लेक, चौपन्न वर्षांची, हडर्सफील्डच्या डेपोत बस चालवणारी, रुंद खांद्यांची. लहानपणापासून काही लपवायचं असलं की ती क्रम लावायची. आधी प्रगतिपुस्तकातलं चित्रकलेचं पान, मग शिवणकामाचं, आणि सर्वांत शेवटी गणिताचं. राहत्या भाड्याच्या घराचा मालक मे अखेरीला घर विकणार होता. दोन घरं त्यांच्या हातून गेली होती. एक जास्त बोली लावणाऱ्यानं नेलं, दुसऱ्याच्या भिंतीत ओल निघाली. हे तिसरं. आणि या घरातल्या झोपायच्या दोन खोल्यांपैकी पुढची गेनॉरची, कारण ती पहाटे चारला उठते आणि तिला खोली जिन्याजवळ लागते. मागची, ही, बेरिलची. दुसरी कुठली वाटणी बसतच नव्हती.

“मला वाटलं होतं तू हसशील,” गेनॉर म्हणाली. “डेपोतल्या बायका हसल्या. म्हणाल्या, बॉयलरबरोबर झोपायचं तर नवरा काय वाईट होता?” आणि मग, बेरिल हसत नाही हे बघून, हळू आवाजात: “जाऊ या आपण. मी फोन करते त्या घरांच्या एजंटला, किर्स्टीला. नाही म्हणून सांगते. बोली लावायला उद्या दुपारपर्यंतच मुदत आहे, तिला उगाच लटकवायला नको.” फोनला रेंज फक्त अंगणाच्या टोकाला, भिंतीवर चढून उभं राहिलं की मिळायची. गेनॉरचे जड बूट जिना उतरत गेले. त्या बुटांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांत सवय होती, आणि ती सवय बेरिलनंच लावलेली होती. या मुलीचं सबंध बालपण गार खिडक्यांत गेलं. जानेवारीत, बाहेर बर्फ असतानाही, बेरिल झोपायच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. पोर डोक्यावर लोकरी टोपी घालून झोपायची, सकाळी पांघरुणावर दवाची ओल असायची. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तर ती अभिमानानं सांगायची की आमच्या मावशीला गॅस लागला होता म्हणून. लग्न झाल्यावर नवऱ्यानं पहिल्या हिवाळ्यात खिडकी बंद केली, तेव्हा गेनॉरला म्हणे रात्रभर झोप आली नाही. हे सगळं घरात विनोद म्हणून सांगितलं जायचं. बेरिलही हसायची.

मावशी म्हणजे डोरीन. बेरिलची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. चौसष्ट साल, फेब्रुवारी. मिल्न्सब्रिजच्या त्या घरात मागच्या खोलीत मालकानं जुन्या कोळशाच्या शेगडीच्या जागी खोली तापवायला गॅसची शेगडी बसवून दिली होती, आणि तिला हवा मिळावी म्हणून भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक भोकाभोकांची वीट. त्या विटेतून वारा यायचा. असा वारा, की पडद्याची कड रात्रभर कुजबुजायची. डोरीनला छातीचं दुखणं झालं होतं. ती म्हणायची, बेरिल, वारा माझ्या मानेवर बोट ठेवतो गं. त्या खोऱ्यातल्या कुठल्या घरात ती वीट उघडी होती? सगळ्या बाया तिच्यात चिंध्या कोंबायच्या, जुने मोजे कोंबायच्या. मालक यायचा तेव्हा काढायच्या, गेला की पुन्हा. गारठ्याला घराबाहेर ठेवणं हे बाईचं काम, जसं दाराची पायरी घासणं. बेरिल तेव्हा बावीस वर्षांची. ती गिरणीत रफू करायची. विणून आलेल्या कापडाचा तागा टेबलावर उतरता पसरायचा, डोळे मिटून तळहात फिरवायचा, बोटाला गाठ लागली की उचकटायची, तुटलेला धागा सुईनं पुन्हा विणीत घालायचा, असा की विणणाऱ्यालाही सापडू नये. बाया गुणगुणायच्या:

*गाठ दिसली बाई, तिची गं लाज दिसली,*
*माझी सुई अशी, विणीत विरून बसली.*

त्या बोटांनी तिनं गावच्या पेपराच्या बारीक घट्ट सुरळ्या केल्या आणि विटेच्या एकेका भोकात बसवल्या. चांगलं काम केलं. एकही सुरळी बाहेर डोकावत नव्हती. डोरीन म्हणाली, आता कसं बरं वाटतंय. तेच तिचं शेवटचं बोलणं.

चौकशीत निघालं की धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलं होतं. कागदपत्रांत घरटं आहे. वीट नाही. कारण सकाळी दार उघडल्यावर, डोरीनच्या गालाला हात लावण्याच्याही आधी, बेरिल गुडघ्यांवर बसली होती आणि त्या सुरळ्या नखांनी ओढून काढत होती, हवा येऊ दे, हवा येऊ दे म्हणत. कुणीतरी तिला उठवलं. संध्याकाळी एप्रनच्या खिशात हात घातला तर त्या तिथेच होत्या. गाठ दिसली असती तर लाज दिसली असती. दिसली नाही. साठ वर्षं ती विणीत विरून बसली.

जिन्यावर पावलं वाजली, पण ही गेनॉरची नव्हती. ही एकेक पायरी विचारून चढणारी होती. या घराचा मालक नॉर्मन गार्साइड ट्रे घेऊन वर आला. ऐंशीला टेकलेला, उंच, कानांत पांढरे केस. किर्स्टीनं त्याला बजावलं होतं की घर दाखवायच्या वेळी मालकानं बाहेर जावं, गिऱ्हाईक मोकळं बोलतं. तो गेला नव्हता. “मला घालवून दिलं की ती या दारावर माझ्या बायकोचा, पॉलीनचा गाऊन अडकवते,” तो म्हणाला. “फोटोतही गाऊनच आहे. ‘प्रशस्त भिंतीतलं कपाट’ म्हणून लिहिलंय तिनं. मी म्हटलं, पोरी, कपाट उघडल्यावर काय करशील? तर म्हणे, तोवर त्यांना टेकडी आवडलेली असते.” त्यानं ट्रे खाटेवर ठेवला, आणि बेरिलकडे न बघता, उघड्या दाराकडे बघत विचारलं, “तुम्ही छान म्हणालात का?”

“काय?”

“सात जण येऊन गेले. सगळे म्हणाले, छान. एक जोडपं तर अकरा वेळा म्हणालं, मी मोजलं. बॉयलर बघूनही छानच म्हणाले. तेव्हाच कळलं की हे काही परत येत नाहीत. ज्याला घर आवडलं, तो माणूस आपल्याकडे कुरकुर करतो. एकानं विचारलं, हे फुटतं का. एक बाई म्हणाली, पुढे विकायला काढलं तर कोण घेईल. किर्स्टी म्हणते काढून माळ्यावर टाका. मी नाही काढत. चांगलं चाललेलं यंत्र लोकांच्या डोळ्यांसाठी उचकटायचं म्हणजे… नाही.” चहाचा कप त्यानं तिच्या हातात दिला. “आणि टाकणार कुठे? स्वयंपाकघराची मागची भिंत टेकडीत आहे. तिकडे धूर सोडायचा तर मेंढ्यांच्या पायांखाली बोगदा खणावा लागेल. उघड्यावरची भिंत म्हणजे ही. म्हणून इथे. मीच बसवला. गॅसवाला होतो मी, पन्नास वर्षं.”

बेरिलनं कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. निघून जायचं होतं तिला. पण बोटं आधीच पुढे गेली होती. नळ्यांवर. बोटांना कुणी विचारत नाही; ती आयुष्यभर आपल्या मनानं वागत आली. एक नळी कोमट, एक गार, एक इतकी ऊन की बोट पटकन मागे घ्यावं. पाचही नळ्या एकमेकींपासून सारख्या अंतरावर, पाच धाग्यांसारख्या, भिंतीशी पोचल्यावर एकदम एका वळणानं वळलेल्या, एकीचंही वळण दुसरीहून कमी-जास्त नाही. सांध्यांवर तिनं नख फिरवलं. डाख दिलेल्या ठिकाणी ओघळ सुकून राहतो, थेंब लोंबकळतो, हे तिनं आयुष्यभर प्रत्येक घराच्या सिंकखाली बघितलं होतं. इथे ओघळ नव्हता. गरम असतानाच कुणीतरी फडक्यानं पुसून घेतला होता, प्रत्येक सांधा, मागच्या बाजूचाही, जिथे भिंतीकडे तोंड आहे आणि जिथे या जन्मात कुणाची नजर जायची नाही. तिनं डोळे मिटले आणि मागच्या बाजूनं बोट पुन्हा एकदा नेलं. गाठ लागली नाही.

“हे कुणी बघणार होतं का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग?”

नॉर्मन जरा गोंधळला. “पॉलीन इथे झोपायची,” तो म्हणाला, जणू त्यानं प्रश्न संपतो. आणि बेरिलला वाटलं, संपतो.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या ओळी होत्या. वर्षामागून वर्ष, ऑक्टोबरमागून ऑक्टोबर. वरच्या अकरा ओळी तिरप्या, कोरड्या अक्षरात: तारीख, दाब, ज्योत निळी, एन. जी. त्यानंतर अक्षर बदललं होतं. गोल, भरभर: तारीख, दाब, ज्योत निळी, एस. एम. एका ओळीपुढे लिहिलं होतं, ‘चहा फार गोड’. एकीपुढे, ‘पॉलीनबाई झोपल्या होत्या, हळू काम केलं’. आणि त्यापुढच्या ओळीत फक्त तारीख, दाब, ज्योत निळी.

“शाझिया,” नॉर्मन म्हणाला. “लॉकवुडची. माझा परवाना संपला तेव्हापासून तीच येते. परवाना नसताना या पेटीचा एक स्क्रू जरी फिरवला तरी गुन्हा. मी बसवलेली, मीच हात लावायचा नाही. ती काम करते आणि मी खाटेवर बसून तोंड मिटून बघतो. खाटकाच्या दुकानासमोर कुत्रं बसतं ना, तसा.”

“कधी चोरून उघडली असेल.”

“नाही.”

हे ‘नाही’ त्यानं इतक्या साधेपणानं म्हटलं की बेरिलला ते नळीच्या मागच्या बाजूसारखं वाटलं. तिथेही पुसलेलं. बारा वर्षं हा माणूस रात्री या भिंतीपलीकडे झोपला, या पेटीच्या खुडबुडीतला एकेक सूर त्याला कळत होता, आणि त्यानं झाकण उघडलं नाही. तिला हेवा वाटला. हेव्याच्या आत कुठेतरी जुनी कळ उठली.

“हवा कुठून घेतो हा?” तिनं विचारलं. “इथे वीट नाही.”

नॉर्मननं तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. ‘वीट’ म्हणणारी माणसं आता राहिलेली नाहीत. “वीट लागतच नाही,” तो सावकाश म्हणाला. “ती वरची नळी आहे ना, ती एक नाही, दोन आहेत. एकीच्या पोटात दुसरी. आतलीतून त्याचा ऊन श्वास बाहेर टेकडीवर जातो, आणि बाहेरच्या फटीतून टेकडीवरचा गार वारा आत येतो. पेटी सगळीकडून बंद. या खोलीतल्या हवेला तो शिवतही नाही. जुन्या शेगड्यांचं तसं नव्हतं. त्या तुमच्याच ताटातलं जेवायच्या. तुम्ही आणि त्या एकाच हवेवर.” तो थांबला. “हा मागत नाही. तुम्ही दारं-खिडक्या बंद करून, फटींत चिंध्या कोंबून झोपलात तरी याला पत्ता नाही. तरीपण ती बघा, फळीवर पांढरी डबी. विषारी हवेचा वास आपल्याला येत नाही, तिला येतो. दर महिन्याला मी तिचं बटण दाबून तिला ओरडायला लावतो. हा चांगला आहे म्हणून पहारा काढायचा नसतो.”

आतल्या पेटीत पुन्हा टिच् झालं. थप्प. मग तो श्वास. या वेळी बेरिल हलली नाही. तिनं तळहात पेटीच्या छातीवर टेकवला. कोमट. आत काहीतरी एकसुरी, मन लावून चाललेलं, दुपारच्या वेळी गिरणीत बाया बोलायच्या थांबत आणि नुसती बोटं चालत तसं. हा मागत नाही. साठ वर्षं तिला वाटत आलं होतं की ऊब म्हणजे कुणाच्या तरी श्वासातून काढून घेतलेली गोष्ट. ज्या घरात उबदार आहे त्या घरात कोण गुदमरतंय ते बघावं. म्हणून खिडकी. म्हणून लेकीच्या डोक्यावर टोपी. आणि इथे या पांढऱ्या पेटीत, एका माणसाच्या हातून, असं काही झालं होतं की ऊब असावी आणि तिचं देणं कुणाच्या छातीनं फेडू नये. कुणी केलं हे? कुठल्यातरी कारखान्यात कुणी टेबलावर वाकून हे शोधलं असेल, एका नळीच्या पोटात दुसरी. त्याच्या घरातही एखादी डोरीन असेल का?

“मी विटेत कागद कोंबला होता,” बेरिल म्हणाली.

नॉर्मननं ट्रेवरचा दुसरा कप उचलला.

“बहिणीच्या खोलीत. तिला वारा लागायचा. सगळे म्हणाले घरटं होतं. घरटं होतंच. पण कागद मी कोंबला होता, आणि सकाळी मीच काढला. कुणाला सांगितलं नाही.” तळहात पेटीवरच होता.

नॉर्मन खाटेच्या कडेला बसला. चहा पिता पिता थांबल्यासारखा कप दोन्ही हातांत धरून त्यानं जमिनीकडे पाहिलं. सांत्वन करणारी माणसं घाईनं बोलतात. त्याला घाई नव्हती. “उमेदवारीत होतो तेव्हा आम्हाला पाठवायचे,” तो म्हणाला. “असं काही झालं की नंतर. मोजायला, तपासायला. मी त्या विटांतून पुष्कळ काय काय काढलंय, मिसेस क्वार्म्बी. पेपर, मोजे, एकदा बाळाचं झबलं. घरटं आणि कोंबलेली वीट, दोन्ही मिळून होतं ते. एकट्यानं बहुतेक होत नाही. हे मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.” बेरिलनं मान हलवली. खोटं सांगितलं असतं तर ती खाली उतरून गेली असती. “पण एक सांगतो. ज्या खोलीतलं माणूस नकोसं आहे, त्या खोलीची वीट मला कधी कोंबलेली सापडली नाही. तिथे वारा मोकळा असायचा. कोंबलेली सापडायची ती जिथे कुणीतरी कुणालातरी जपत होतं तिथेच.”

ती रडली नाही. तिला फक्त असं वाटलं की आपण एक तागा आजवर उलट्या बाजूनं धरला होता. उलट्या बाजूला सगळ्या गाठी दिसतात. त्या खोट्या नव्हेत. पण कापडाला एवढीच बाजू नसते.

बूट वर आले. गेनॉर दारात उभी राहिली, गाल वाऱ्यानं लाल, हातात फोन. “किर्स्टी उचलत नाही. निरोप ठेवलाय की मला फोन कर. काय सांगायचंय ते सांगितलं नाही.”

“घेतो म्हणून सांग,” बेरिल म्हणाली.

“आई, माझ्यासाठी नको. तू रात्रभर डोळे उघडे ठेवून पडशील आणि मला पलीकडून ते ऐकू येईल. मला असं घर नको.”

“तुझ्यासाठी नाही.”

“मग कशासाठी? पाच मिनिटांपूर्वी तुझा चेहरा कागदासारखा झाला होता.”

कागदासारखा. नॉर्मन उठला, रिकामा नसलेला ट्रे उचलला, आणि साखर राहिली असं काहीतरी पुटपुटत बाहेर पडला. त्याची पावलं जिन्यावर पूर्ण खाली जाईपर्यंत बेरिल थांबली. मग तिनं लेकीला सांगितलं. अनोळखी माणसाला सांगताना जी वाक्यं आपसूक आली होती, ती आता एकेक करून, सुईत दोरा ओवावा तशी ओवावी लागली. वीट. सुरळ्या. एप्रनचा खिसा. गेनॉर ऐकत होती. बस चालवताना असतो तसा चेहरा, समोर लावलेला, आत काय चाललंय ते उतारूंना न कळू देणारा.

“म्हणून खिडक्या,” शेवटी ती म्हणाली.

“म्हणून.”

“मला वाटायचं तुला गॅसची भीती आहे.”

“मला माझ्या हातांची होती.”

गेनॉर खिडकीशी गेली. टेकडीवर ढगाची सावली चढत होती, पाठीवर ओझं घेतल्यासारखी. कपाटातला आवाज थांबला. खाली नॉर्मन कपबश्या उगाच वाजवत होता, आपण ऐकत नाही हे दोघींना कळावं म्हणून. वळली तेव्हा गेनॉरचे डोळे लाल होते. पण बोलली ती नेहमीच्याच आवाजात, डेपोतल्या.

“माझ्या लहानपणीच्या थंडीचा हिशेब नंतर करू. एक टोपी तरी देणं लागतेस तू मला.” तिनं कोटाच्या खिशातून मोजायची टेप काढली. घर बघायला जाताना ती घेऊन जायची; मागच्या दोन घरांत ती खिशातून बाहेर निघाली नव्हती. ती जमिनीवर गुडघे टेकून बसली, पट्टी सरकन ओढली. “तुझा पलंग साडेचार फुटी. खिडकीखाली बसणार नाही, तिथे रेडिएटर आहे. एक तर या भिंतीला लागेल, नाहीतर त्या. या भिंतीला लावला तर पाय कपाटाकडे येतील आणि डोकं दूर राहील. त्या भिंतीला लावला तर डोकं थेट बॉयलरपाशी.”

“त्या भिंतीला.”

“रात्री सगळं ऐकू येईल तुला. टिच् झालं की टिच्, थप्प झालं की थप्प.”

“येऊ दे ऐकू,” बेरिल म्हणाली. तिनं हात पुढे केला, टेपचं टोक लेकीकडून घेतलं, आणि कपाटाच्या चौकटीशी घट्ट धरून उभी राहिली. “हं. मोज.”